विमान गेलं, मैल राहिले

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मुंबईला उतरलं आणि मे १९९३ पासून उडणारी ही कंपनी थांबली. हजारो लोकांचे पगार थकले, तिकिटं काढलेले लोक रिफंडच्या मागे लागले, बँकांचे आठ हजार कोटींच्या वर अडकले. या सगळ्या पडझडीत एक गोष्ट मात्र शाबूत राहिली: लोकांच्या खात्यातले जेपीमाइल्स. ज्या विमानात बसायचं म्हणून मैल जमवले ते विमान नाही, मैल मात्र आहेत! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये योजनेचं नाव बदलून 'इंटरमाइल्स' झालं आणि लोक ऑनलाइन खरेदी करून त्यात भर घालत राहिले.

आपला साधा हिशोब असा, की दुकान बंद झालं की दुकानाचं कूपन रद्दी. मग इथे उलटं कसं झालं? हा प्रश्न डोक्यात घेऊन वाचत गेलो आणि चाळीसेक वर्षांचा इतिहास हाताला लागला. तो इथे मांडतोय. थोडं लांबेल, पण शनिवारच आहे :)

सुरुवात अमेरिकेत. १९७८ पर्यंत तिथे विमानाचं भाडं आणि मार्ग सरकार ठरवायचं. सगळीकडे भाडं सारखंच, त्यामुळे गिऱ्हाईक पळवायचा प्रश्न फारसा नव्हता. १९७८ च्या कायद्याने हे बंधन काढलं आणि कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'एअॅडव्हान्टेज' नावाची योजना आणली: आमच्या विमानाने जेवढे मैल उडाल तेवढे तुमच्या खात्यात, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केलं. आयटीवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे यामागे चक्क एक डेटाबेस होता. आयबीएमबरोबर बांधलेली 'सेबर' ही आरक्षणाची प्रणाली अमेरिकनकडे होती. तेच तेच फोन नंबर त्यात पुन्हा पुन्हा दिसतात म्हणजे हाच माणूस वारंवार उडतो, असं शोधून त्यांनी पहिले सभासद निवडले. आज ज्याला आपण भारीतलं नाव देऊन प्रोजेक्ट करतो, ते काम १९८१ मध्ये झालेलं होतं.

पण खरी मेख वेगळीच होती. वारंवार उडणारा माणूस कोण? कंपनीच्या कामासाठी फिरणारा. तिकिटाचे पैसे कोण भरतं? त्याची कंपनी. मैल कोणाच्या खात्यात? त्याच्या स्वतःच्या. आपल्याकडे याला फार नेमकी म्हण आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! दोन विमानांत पाचशे-हजाराचा फरक असला तरी साहेब महागातलंच घेणार, कारण फरक ऑफिसचा आणि मैल साहेबांचे. पुण्यातल्या ऑनसाइटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. लुफ्थान्साने २००८ मध्ये लोहगावहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केलं तेव्हा त्यात सगळ्या खुर्च्या बिझनेस क्लासच्या होत्या. बाकीच्यांनी आपली रात्री टॅक्सी पकडायची आणि एक्स्प्रेसवेने मुंबईचा विमानतळ गाठायचा. आमच्या ऑफिसातले सीनियर अजूनही कोणत्या वर्षी कोणतं कार्ड, चांदीचं की सोन्याचं, हे मुंजीची तारीख सांगावी तसं सांगतात.

इथपर्यंत मैल मिळवायला उडावं लागत होतं. पुढची उडी १९८७ ची. सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर क्रेडिट कार्ड काढलं, आणि किराणा घेतला तरी मैल मिळायला लागले. त्यासाठी बँक विमानकंपनीकडून मैल विकत घ्यायची, रोख पैसे देऊन. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ मिल्स यांनी 'एअर माइल्स' सुरू केली. तिथे तर पेट्रोल भरा, खरेदी करा, आणि ब्रिटिश एअरवेजच्या तिकिटासाठी मैल जमवा असाच मामला होता.

विमानकंपनीला हे परवडतं कसं? संध्याकाळी उशिरा मंडईत जाऊन बघा. सकाळी चाळीसला असलेली पालेभाजीची जुडी रात्री दहाला मिळते, कारण उद्या तिचं काही होणार नसतं. विमानातली रिकामी खुर्ची त्याहून नाशवंत. दार लागलं की तिची किंमत शून्य. त्या खुर्चीवर एखादा फुकट बसला तर कंपनीचा खर्च थोडं इंधन आणि एक सँडविच. पण त्या खुर्चीचं नुसतं आश्वासन बँकेला आगाऊ विकता येतं. रिकामी खुर्ची हे भांडवल आणि मैल ही नोट. छापखाना घरचाच!

या नोटा कधी कधी छापणाऱ्याच्याच अंगाशी यायच्या. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनियरने (इंजिनियरच, दुसरं कोण!) एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरची योजना नीट वाचली आणि त्याच्या लक्षात आलं की स्वस्तातलं पुडिंग घेतलं तर मैलांची किंमत पुडिंगपेक्षा जास्त होते. त्याने सुमारे ३,१४० डॉलरला १२,१५० पुडिंगचे डबे घेतले आणि साडेबारा लाखांच्या वर मैल मिळवले. पुडिंग खाणार कोण? ते दान करून टाकलं आणि त्यावर करसवलतही घेतली. कोणी कितीही म्हणो, हा माणूस मनाने सदाशिव पेठेतला होता.

त्याच सुमारास इंटरनेट आलं. जुलै १९९६ मध्ये अॅमेझॉनने 'असोसिएट्स' योजना काढली: तुमच्या पानावरून कोणी आमच्याकडे येऊन पुस्तक घेतलं तर तुम्हाला दलाली. विमानकंपन्यांची खरेदीची पानं या एका कल्पनेवर उभी आहेत. तुम्ही योजनेच्या पानावर लॉगिन करता आणि तिथून दुकानाच्या नावावर टिचकी मारता. जाताना पत्त्याच्या शेपटीला एक नंबर चिकटतो आणि ब्राउझरमध्ये एक कुकी बसते. खरेदी झाली की दुकान त्या नंबरावरून ओळखतं की हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवलं, आणि दलाली देतं. वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत मैल 'प्रलंबित' दिसतात. मधेच दुसऱ्या कूपनच्या पानावर जाऊन आलात तर कुकी बदलते आणि दलाली तिसऱ्याच्याच खिशात जाते. मैल आले नाहीत अशी ओरड असते, तिच्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

आता गणित. आकडे माझ्या मनाचे, कल्पना येण्यापुरते. समजा दहा हजारांची खरेदी केलीत आणि दलाली ६ टक्के, म्हणजे ६०० रुपये. तुम्हाला मिळाले ४०० मैल. वापरताना एका मैलाचे ३० पैसे पडले, तर तुमच्या हातात १२० रुपयांचा माल. उरलेले ४८० मधल्यांचे. आणि मैल वापरलेच नाहीत, मुदत संपून गेले, तर सगळे ६०० त्यांचे. कॅशकरोसारख्या पानांनी २०१३ पासून आपल्याकडे हीच दलाली रोख रकमेत वाटायला घेतली. पाइप तोच, फक्त नळातून नोट पडते की मैल एवढाच फरक.

आणि इथेच ती म्हण उलटते. तिकिटाच्या वेळी हलवाई दुसरा होता. ऑनलाइन खरेदीत घरही आपलं आणि तुळशीपत्रही आपलंच! आमच्या टीममधल्या एकाने 'आज पाचपट मैल' म्हणून चाकाची बॅग घेतली. आधीच्या दोन माळ्यावर आहेत. त्यातल्या एकीवर अजून कव्हर आहे.

आता भारत. १९५३ च्या कायद्याने विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं. देशात इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी एअर इंडिया. दुसरा पर्यायच नाही तर निष्ठेचं बक्षीस कशाला? तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रीतसर जागा मिळाली. नरेश गोयल यांच्या जेटने नव्वदच्या दशकातच जेटप्रिव्हिलेज सुरू केलं. पुढे एचडीएफसी, आयसीआयसीआय, अमेरिकन एक्सप्रेस यांची कार्डं आली, मग ऑनलाइन खरेदीची दारं उघडली, आणि विमानात न बसताही जेपीमाइल्स जमायला लागले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेट एअरवेजचा २४ टक्के हिस्सा ३७ कोटी ९० लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्याच व्यवहाराचा भाग म्हणून जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी झाली आणि २०१४ मध्ये तिचा ५०.१ टक्के हिस्सा एतिहादने १५ कोटी डॉलरला घेतला. म्हणजे विमानं, वैमानिक, कर्ज हे सगळं एका कंपनीत आणि सभासदांची यादी व मैल दुसऱ्या कंपनीत. पहिली बुडाली तेव्हा दुसरीला ओढून नेऊ शकली नाही. दुसरीचं गिऱ्हाईक मुळात प्रवासी नव्हताच, बँका आणि दुकानं होती, आणि ती चालूच होती. किंगफिशरचं बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमानं थांबली आणि तिचे किंग माइल्सही तिच्याबरोबरच गेले. दोन्हीकडे सभासदाने केलं तेच, फळ वेगळं. फरक पडला तो कंपनीच्या कागदपत्रांमुळे, आणि ती सभासदाने कधी पाहिलेलीही नव्हती.

पुणेकरांना जेटचा शेवट आणखी एका कारणासाठी आठवत असेल. १ डिसेंबर २०१८ ला जेटने पुणे-सिंगापूर थेट विमान सुरू केलं होतं. पाच महिन्यांच्या आत अख्खी कंपनीच नव्हती.

मैलांचा धंदा केवढा मोठा आहे हे सगळ्यांना कळलं ते कोरोनात. २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती आणि युनायटेडला कर्ज हवं होतं. तारण काय ठेवलं? विमानं नव्हे, मैलांची योजना. तिची किंमत लावली सुमारे २,२०० कोटी डॉलर. त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडची किंमत याच्या निम्म्याच्या आसपास होती. अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेची किंमत १,८०० ते ३,००० कोटी डॉलर काढली गेली. योजना वजा केली तर विमानकंपनीची किंमत शून्याच्याही खाली! भाकरीबरोबर फुकट मिळणाऱ्या कांद्यावर हॉटेल चालावं, तसा प्रकार.

इंडिगोसारख्या कंपनीलाही हे पटलेलं दिसतं. २००६ पासून बरीच वर्षं 'आम्ही स्वस्त आणि वेळेवर, मैलबिल नाही' म्हणणाऱ्या इंडिगोने २०२४ मध्ये स्वतःची ब्लूचिप योजना आणली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत गेले. त्या योजनेचं नाव आता महाराजा क्लब.

मग आपण काय करायचं? मैल वाईट असं मी म्हणत नाही. ऑफिसच्या प्रवासाचे मिळतात ते जरूर घ्यावेत. जी वस्तू आपण तशीही घेणारच होतो ती त्या पानावरून घेतली तर चार मैल मिळाले, काय वाईट? फक्त आधी एक भागाकार करायचा. तिकिटाच्या रोख किमतीतून मैल वापरूनही भरावे लागणारे कर वजा करायचे आणि उरलेल्याला लागणाऱ्या मैलांनी भागायचं. ६,००० रुपये वाचणार आणि १५,००० मैल लागणार, तर मैलाला ४० पैसे. तोच आकडा धरून कॅशबॅकशी तुलना करायची. आणि मैल साठवायचे नाहीत. बँकेतल्या पैशावर निदान व्याज मिळतं आणि ठेवीला विमा असतो. मैलांना यातलं काही नाही. आज १५,००० ला मिळणारं तिकीट उद्या २०,००० ला करायचा अधिकार नोट छापणाऱ्याकडेच आहे, आणि आपण सभासद होताना न वाचता टिचकी मारतो त्या अटींत तो दिलेला असतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्या वाचनात खटकत राहिली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जेट एअरवेज अवसायनात काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं थकलेल्या पगाराची वाट पाहणारे वैमानिक, इंजिनियर, सामान चढवणारे लोडर आता लिलावातून काय हाती येतं याच्या रांगेत. आपण बूट घेताना मिळालेले चारशे मैल त्या रात्री सुरक्षित राहिले. ज्याने ते विमान वर्षानुवर्षं उडतं ठेवलं त्याचा पगार राहिला नाही. कायद्याने यात काही चुकलं नाही, दोन वेगळ्या कंपन्या होत्या. तरी पुढच्या वेळी 'आज पाचपट मैल' असा मेसेज आला की मला आधी हे आठवतं, आणि मग त्या वस्तूची खरंच गरज आहे का हे बघायला सोपं जातं.