‘बंदूक म्हणजे शेवटी पोलादच’ : तळटीप

लेखकाचे बालपण भिलाईतले. १९५९मध्ये पहिली झोतभट्टी पेटली त्या गावच्या माणसाला असे वाटणे साहजिकच. पण विधान आता पुरते खरे नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या ‘एआरडीई’ या शस्त्रसंशोधन संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलसह अवघ्या ४ महिन्यांत घडवलेले ‘अस्मि’ हे ९ मिमी मशीन पिस्तूल (२०२१) पाहा : वरचा सांगाडा विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाचे भाग तर धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने, थरावर थर चढवत केलेले. याहून धाडसी प्रयोग १९६०च्या दशकातल्या अमेरिकन ‘जायरोजेट’चा. त्यातून गोळीऐवजी छोटे रॉकेट सुटे; पण ते नळीबाहेर पडल्यावर वेग घेई, म्हणून अगदी जवळच्या निशाण्यावर त्याचा जोरच पडत नसे. — संपादक