लेहचे पाणी : ओढ्यापासून नळापर्यंत

हिमालयाच्या पलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर वसलेले लेह हे लडाखचे प्रमुख नगर होय. पर्जन्यछायेतील या प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर वृष्टी होते. अशा ठिकाणी मनुष्यवस्ती टिकली, शेती फुलली, ती केवळ पाण्याविषयीच्या शिस्तीमुळे.

खारदुंग खिंडीकडील हिमनद्यांचे पाणी ओढ्यावाटे उतरे आणि दगडामातीच्या लहान पाटांनी जवाच्या शेतांत जाई. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती पाणी, याचा निवाडा गावाने नेमलेला ‘चुरपोन’ करीत असे. पिण्याचे पाणी झऱ्यांतून वा वरच्या ओढ्यातून भरले जाई आणि त्या प्रवाहात कपडे धुणे निषिद्ध मानले जाई. शेतात मुरलेल्या पाण्याने खालच्या अंगाचे झरे जिवंत राहत. एकच पाणी अशा रीतीने अनेकांच्या उपयोगी पडे.

या व्यवस्थेचा एक भाग शौचकूपाचा होता. विषय संकोचाचा खरा. परंतु तो वगळला तर लेहचा इतिहास अपुरा राहील. लडाखी घरातील कोरडा शौचकूप दुमजली असतो. वरच्या खोलीच्या जमिनीला भोक, कोपऱ्यात माती व राखेचा ढीग. खालच्या खोलीत मैला मातीसह कुजून त्याचे खत होते. पाण्याचा थेंबही खर्ची पडत नाही. वृक्षविरळ प्रदेशात गुरांचे शेण सरपणासाठी वाळवावे लागे, म्हणून वसंतात शेतावर जाणारे हे खत शेतीचा मुख्य आधार होते. धान्य शेतातून घरात येई आणि सत्त्व घरातून शेतात परत जाई.

पुढे परिस्थिती पालटली. 1962 च्या युद्धानंतर लष्कराचा वावर वाढला आणि 1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले. त्या वर्षी जेमतेम पाचशे पाहुणे आले होते. 2018 मध्ये तीन लाखांहून अधिक आले. 2011 च्या जनगणनेत लेह नगराची लोकसंख्या 30,870 होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा भार कळतो. पाहुण्यांना स्नानगृह आणि पाण्याचा शौचकूप हवा असतो. अतिथिगृहे उठली, सार्वजनिक नळ आले, कूपनलिका खोदल्या गेल्या आणि सिंधूकाठचे भूजल पंपांनी शेकडो फूट वर चढविले जाऊ लागले.

नळाने लेहच्या स्त्रियांचे मोठे कष्ट वाचविले. कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या ओढ्यावरून पाणी वाहण्याचे हाल ज्यांनी सोसले, त्यांच्यापुढे जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे शोभणारे नाही. चूक नळात नव्हती. पाणी घरात आणण्याची तजवीज झाली, ते बाहेर कोठे जाईल याची मात्र वेळीच झाली नाही, हीच मोठी उणीव राहिली.

सांडपाणी शोषखड्ड्यांत व कच्च्या मलकुंडांत जाऊ लागले. लेहची जमीन रेताड, दगडगोट्यांची. तिच्यातून ते सहज झिरपते आणि ज्या भूजलातून कूपनलिका पाणी उपसतात त्यालाच मिळते. भूजलातील नायट्रेटचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. काही झरे क्षीण झाले, काही पिण्याजोगे उरले नाहीत. शेते इमारतींखाली गेल्याने जमिनीत मुरणारे स्वच्छ पाणी घटले, आणि ज्या मैल्याचे खत होत असे तोच जलाशय नासवू लागला. 2010 च्या दशकात भूमिगत मलवाहिन्यांचे काम हाती घेण्यात आले. तोवर अतिथिगृहांचा विस्तार बराच पुढे गेला होता. शिवाय मलवाहिनीलाही वाहते पाणी लागतेच, आणि तेच तर तेथे दुर्मिळ.

याच काळात याच जिल्ह्यात निराळ्या वाटेचाही विचार झाला. स्थापत्य अभियंता चेवांग नोरफेल यांनी 1987 मध्ये फुक्तसे गावी पहिली कृत्रिम हिमनदी उभारली. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीच्या उतारावर दगडी बांधांनी अडवून गोठवावे, म्हणजे नैसर्गिक हिमनद्या वितळण्याआधी, ऐन पेरणीच्या वेळी ते मिळते, ही त्यांची साधी युक्ती. 2015 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. परंतु ही युक्ती शेतासाठी होती. नगरातील मैलापाण्याचा प्रश्न तिने सुटणारा नव्हता.

हिवाळ्यात लेहचे नळ गोठतात आणि टाकीच्या गाड्यांनी पाणी पुरविले जाते. त्या महिन्यांत अनेक घरांत जुन्या कोरड्या शौचकूपाचे दार पुन्हा उघडते. पाहुण्यांसाठी नवा आणि घरच्यांसाठी जुना, असे दोन्ही शौचकूप एकाच वास्तूत राखणारी कुटुंबे तेथे आजही आहेत.