तळटीप १४ : युरी गागारिन

१४. युरी अलेक्सेयेविच गागारिन (१९३४–१९६८), अंतराळात गेलेला पहिला माणूस. १२ एप्रिल १९६१ रोजी 'वोस्तोक-१'मधून १०८ मिनिटांची फेरी. त्याच वर्षाअखेर भारतभेटीत ते मुंबईतही येऊन गेले.

मृत्यू मात्र सरावाच्या उड्डाणात. २७ मार्च १९६८ रोजी व्लादिमीर सेर्योगिन यांच्यासह ते उडवत असलेले दोन आसनी मिग-१५ मॉस्कोच्या पूर्वेस किर्झाचजवळ कोसळले. दोघेही ठार, गागारिन अवघे ३४ वर्षांचे. चौकशीची कागदपत्रे वर्षानुवर्षे गुप्त राहिली आणि वावड्यांना ऊत आला. त्यांतल्या बहुतेक सोडून द्याव्यात. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या आहेत.

मजकुरातले 'ओझरचे मिग' वेगळे. मालेगावहून आग्रा रोडने नाशिककडे जाताना ओझर लागते. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ तयार होत. मिग-१५ त्याहून जुन्या पिढीचे. भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा (उड्डाण : ३ एप्रिल १९८४) पुढे याच कारखान्याचे चाचणी वैमानिक झाले आणि ओझरजवळच मिग-२१च्या अपघातातून थोडक्यात बचावले.