मुंबईची भरती मुरुडला चालत नाही

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्या मानवत-पाथरी-सेलू पट्ट्यातून सहलीच्या गाड्या कोकणाकडं निघतात. रायगड, अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे, ठरलेली वाट. सहलीच्या कागदावर मुक्काम, जेवण, तिकीट सगळं असतं. एक गोष्ट बहुतेक वेळा नसते: ज्या किनाऱ्यावर लेकरं उतरणार, तिथं त्या दिवशी भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता. एखादे सर फारच काळजी करणारे असले तर मोबाइलवर मुंबईची वेळ बघतात आणि तीच धरून चालतात. त्यावरच ही पोस्ट आहे. लांब आहे, आणि मला इतिहासाचा नाद असल्यामुळं जरा मागून सुरू करतो. सांभाळून घ्या.

आपल्याला समुद्र नाही, पण हा हिशोब आपल्याला नवा नाही बरं का. पंचांगात सूर्योदय मुंबईचा छापलेला असला तर आपण तो जसाच्या तसा घेत नाही. मुंबई साधारण ७२.८ रेखांशावर, मानवत ७६.५ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडं जवळपास पंधरा मिनिटं आधी उगवतो. छापलेल्या वेळेतून तेवढं वजा करायचं. भरतीचंही तसंच आहे, फक्त तिथं रेखांशाचं सरळ गणित चालत नाही. पाण्याची खोली, किनाऱ्याचा आकार, खाडीची लांबी, सगळं मध्ये येतं. म्हणून प्रत्येक ठिकाणचा फरक मोजूनच काढावा लागतो.

हे मोजणं किती जुनं? पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचा जलमार्गाचा ग्रंथ लिहिला. त्यात आपला मराठवाडा आहे. पैठण आणि तेर इथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचा. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, असं तो सांगतो. त्याच ग्रंथात भडोचच्या भरतीचं वर्णन आहे, ते वाचून अंगावर काटा येतो. पाणी एकदम फुगून आत येतं, तळ दिसत असतो तिथं बघता बघता समुद्र होतो, आणि माहीत नसलेली जहाजं वाळूवर आपटतात. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढं जात आणि परक्या जहाजांना भरतीच्या वेळेनुसार टप्प्याटप्प्यानं आत आणत. म्हणजे तेरचं कापड परदेशी जायचं ते सुद्धा कुणातरी कोळ्याच्या डोक्यातल्या वेळापत्रकावर!

कोकणात ते वेळापत्रक तिथीवर बसवलेलं आहे. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढं भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उलटं, दुपारी पाणी चढलेलं. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचं हे तोंडी कोष्टक. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हेही त्यातच. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये इथं मराठा आरमाराची गोदी आहे. उधाणाला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की दुरुस्तीला बसायचं. तिथी चुकली तर जहाज पंधरा दिवस अडकलं.

पण पाऊणकीचा हिशोब तासाभराइतका मागं-पुढं होतो. होडीवाल्याला तेवढं चालतं, मोठ्या आगबोटीला चालत नाही. १८७० नंतर भारतीय सर्वेक्षण विभागातल्या कॅप्टन बेअर्ड या अधिकाऱ्यानं कच्छच्या आखातात भरती मोजायला सुरुवात केली. पुढं देशभरच्या बंदरांत यंत्रं बसली. मुंबईत अपोलो बंदरावरची नोंद १८७८ पासून आहे. यंत्र साधंच. समुद्राशी जोडलेली एक विहीर, तिच्यात तरंगता डबा, डब्याला तार आणि तारेच्या टोकाला पेन्सिल. खाली कागद गुंडाळलेला ढोल घड्याळावर फिरतो आणि पाण्याची रेघ उमटत राहते, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

त्या रेघेतून पुढच्या वर्षाची भरती काढायची म्हणजे खरी डोकेफोड. चंद्राची ओढ साधारण १२ तास २५ मिनिटांनी, सूर्याची १२ तासांनी, चंद्र जवळ-लांब होतो त्याची वेगळी, अशा कितीतरी लाटा एकात एक मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करण्याची रीत लॉर्ड केल्विन आणि जॉर्ज डार्विन (उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा मुलगा) यांनी बसवली. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सच्या आराखड्यावर लंडनमध्ये खास भारताच्या बंदरांसाठी एक यंत्र तयार झालं. प्रत्येक लाटेला एक चाक, सगळ्या चाकांवरून गेलेली एकच तार, आणि शेवटी पेन. दांडा फिरवला की पुढच्या वर्षाची भरती-ओहोटी कागदावर उतरायची. यातली माझी आवडती गोष्ट अशी की मुंबईसाठी लावलेली चाकं कराचीला चालत नसत. बंदर बदललं की प्रत्येक चाक पुन्हा त्या बंदराच्या मापानं लावायचं.

आता प्रत्येक खाडीत वर्षानुवर्षं यंत्र ठेवणं कुणाला परवडणार? म्हणून युक्ती काढली. मोजक्या मुख्य बंदरांची रोजची वेळ आणि उंची छापायची, बाकीच्या दुय्यम बंदरांसाठी नुसता फरक द्यायचा: मुख्य बंदराच्या वेळेत इतकी मिनिटं मिळवा किंवा वजा करा, उंची इतक्या प्रमाणात कमी-जास्त धरा. आजची सर्वेक्षण विभागाची भरतीची पुस्तकं याच रीतीवर चालतात.

फरक किरकोळ नसतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकते. गोव्यात पाणी मुंबईच्या आधी चढतं, रत्नागिरी मध्ये कुठंतरी. खाडीत मात्र उलटं, मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. उंचीचं तर विचारूच नका. मुंबईत उधाणाला चढ-उतार साडेतीन मीटरच्या पुढं, गोव्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात. कारण तिकडं समुद्र उथळ आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं. टीव्हीवर '४.८ मीटरची भरती' म्हणून ओरडतात तो आकडा मुंबईचा. मालवणला त्याचा काही उपयोग नाही. आणि तो आकडा नेहमीच्या पाण्यापासून मोजलेला नसतो, अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून असतो. मुंबईची सरासरी पातळीच त्या मापानं अडीच मीटरच्या आसपास येते.

आपला कापूसही या वेळापत्रकातून गेलाय. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली. मानवत रोड स्टेशनावरून गाठी मनमाडला, तिथं गाडी बदलून मुंबईला. तिथल्या प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉकचे दरवाजे भरतीच्या पाण्यावर उघडायचे, तेव्हाच जहाज आत-बाहेर. जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: मुंबईचं स्वतःचं 'बॉम्बे टाइम' होतं, आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागं, आणि शहरात ते १९५५ पर्यंत चाललं. जुन्या कागदावरची वेळ वाचताना हाही फरक धरायचा.

२६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. भरती दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी, ४.४८ मीटर. त्या महिन्यात गुरुपौर्णिमा २१ तारखेला होती, म्हणजे २६ ला वद्य पंचमी-षष्ठीचा सुमार. पाऊणकीनं काढा: पावणेचार ते साडेचार. आजीच्या हिशोबानंही ती वेळ सापडत होती! मोठ्या भरतीला मुंबईतल्या बऱ्याच नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात, त्यामुळं आभाळातलं पाणी समुद्रात जाईना. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठी फुटली तेव्हाही पौर्णिमा दोन दिवसांवर होती. तिथं मुंबईची वेळ बघून काय कळणार? चिपळूण खाडीत किती आत आहे, तो फरक धरायला हवा. त्यातही छापील तक्ता फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब सांगतो. वारा, वादळ, नदीचा पूर त्यात नसतो.

आणि १ फेब्रुवारी २०१६. मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली १४ कॉलेजची मुलं बुडाली. पंचांग काढून बघा, अमावस्या ८ तारखेला होती. म्हणजे वद्य अष्टमीचा सुमार, भांगाचे दिवस, वर्तमानपत्रात इशारा छापून येतो तसलं उधाण नाही. 'आज मोठी भरती नाही' याचा अर्थ 'आज पाण्यात उतरायला हरकत नाही' असा आपल्याकडची माणसं लावतात, मी कानानं ऐकलंय. पाणी चढतंय की उतरतंय, त्या किनाऱ्याचा उतार कसा, ओढ कुठल्या बाजूला, हे भांगालाही बघावंच लागतं.

तर मुख्याध्यापक आणि सहल नेणारे सर-मॅडम, माझी मागणी एवढीच. सहलीच्या कागदावर प्रत्येक किनाऱ्यापुढं त्या दिवसाची भरती आणि ओहोटी लिहा, त्या ठिकाणचा फरक धरून. तारीख पक्की करण्याआधी तिथी बघा. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर अष्टमीच्या आसपासची दुपार सोयीची. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी ती वाट पाण्याखाली असते. ओहोटीच्या आधी निघा आणि पाणी फिरायच्या आत परत या, नाहीतर पुढचे काही तास किल्ल्यातच बसावं लागेल. तिथं पोचल्यावर पहिल्या कोळीदादाला किंवा जीवरक्षकाला वेळ पुन्हा विचारा, तक्त्यापेक्षा त्याचं ऐका. पालकांनीही संमतीच्या कागदावर सही करण्याआधी या दोन वेळा मागून घ्याव्यात.

कुणाच्या घरी भरतीच्या वेळांचं कोष्टक असलेलं जुनं पंचांग असेल तर त्या पानाचा फोटो खाली टाका. कोणत्या गावाचा किती फरक दिलाय ते मला बघायचंय.