पैनगंगेच्या दोन काठांवरचे लोहमार्ग आणि सायकलची वाट

गाड्या बंद झालेल्या लोहमार्गाचे रूळ आणि स्लीपर काढून घेतल्यावर खाली जो भराव उरतो, त्यावर सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी केलेल्या वाटेला रेल-ट्रेल म्हणतात. आगगाडीला चढ सोसत नाही, सर्वसाधारणपणे शंभर मीटरला एक मीटर एवढाच उतार धरून मार्ग आखावा लागतो. त्यामुळे टेकडीत खोदाई आणि सखल भागात भराव करून जमीन सपाट करण्याचे जे कष्ट मजुरांनी एकदा उपसले, त्यांचा लाभ पुढे सायकलस्वाराला आपोआप मिळतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही वाट 1960 च्या दशकात अशा रीतीने तयार झाली. न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात 1990 साली बंद झालेल्या मार्गावर 2000 साली सुमारे 150 किलोमीटरची वाट खुली झाली, आणि ती तीन-चार दिवसांत पार करण्याचा प्रघात तेथे पडला.

आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावल्याचा विचार या संदर्भात करताना प्रथम तेथील मातीकडे पाहावे लागते. मावल्याचा तलाव आणि त्याच्या शेजारून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग (आजचा क्रमांक 44, पूर्वीचा 7) सोडला, तर भोवतालचा बराचसा मुलूख काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर्षाला 1,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात पांदण, म्हणजे शेतांच्या मधून जाणारी गाडवाट, पहिल्याच सरीत चिकट होते. चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसतो, चाक फिरेनासे होते आणि काडीने माती उकरीत सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. लोहमार्गाचा भराव मात्र मुरूम व खडीचा असतो आणि पाणी वाहून जाण्यासाठी त्याच्याखाली मोऱ्या बांधलेल्या असतात, म्हणून अशा मुलखात बारमाही वाट म्हणून त्याचे मोल फार मोठे आहे.

मावल्याजवळ मात्र असा रिकामा भराव उरलेला नाही. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर व किनवटमार्गे आदिलाबादला येणारा लोहमार्ग मीटरगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर 1,000 मिलिमीटर होते. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे 1,676 मिलिमीटरांच्या ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. हा मार्ग भाषेच्या आणि राज्याच्या सीमांपेक्षा टिकाऊ ठरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो मराठी मुलूख म्हणून नांदेडकडे गेला, तरी आदिलाबादकडील नाती, बाजार आणि मराठी बोली यांची ये-जा याच रुळांवरून चालू राहिली.

गाडी बंद पडलेला मार्ग पाहायचा तर पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जावे लागते. मावल्याहून पांढरकवड्यामार्गे यवतमाळ सुमारे शंभर किलोमीटर आहे. पैनगंगा ही निजामाचे राज्य आणि इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड यांची सीमा होती, आणि 1853 साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेले त्यामागे कापसाचा मोह मोठा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला, आणि 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर खेड्यांतला माल त्या मुख्य मार्गापर्यंत आणणे एवढाच प्रश्न उरला. तो सोडवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीच्या पुढाकाराने 762 मिलिमीटरांचा नॅरोगेज मार्ग झाला. मूर्तिजापूर हे मुख्य मार्गावरील ठाणे मध्यभागी ठेवून एक फाटा दारव्ह्यावरून यवतमाळला, सुमारे 113 किलोमीटर, आणि दुसरा अचलपूरला, सुमारे 76 किलोमीटर, गेला. बंडीतून जिनात आणि तेथून गठाणी होऊन डब्यात चढणारा कापूस हेच या मार्गाचे पोट होते. पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली ही गाडी मँचेस्टरला 1921 साली बनलेल्या वाफेच्या इंजिनावर 15 एप्रिल 1994 पर्यंत धावली. त्यानंतर डिझेल इंजिन आले आणि पुढे वाहतूकच थांबली.

दिवसाला पन्नास किलोमीटर धरले, तर यवतमाळ ते अचलपूर हा सायकलीचा चार दिवसांचा प्रवास होतो, आणि रेल-ट्रेलसाठी महाराष्ट्रात याहून योग्य मार्ग क्वचितच असेल. तरीही येथे सायकलच्या वाटेची भाषा जपून वापरावी लागते. ओटागोत गाडीची गरज संपली म्हणून वाट झाली. वऱ्हाडात गरज संपलेली नाही, आणि या मार्गाचे ब्रॉडगेज व्हावे ही तेथील लोकांची जुनी मागणी आहे. एस.टी.चे भाडे ज्यांना जड जात होते, त्यांच्यासाठी शकुंतला ही स्वस्त सोय होती. अमेरिकेत 1983 च्या कायदेदुरुस्तीने रेल-बँकिंगची तरतूद केली आहे: पुढे कधीतरी रूळ पुन्हा घालता यावेत म्हणून मार्गाची पट्टी अखंड राखायची आणि तोवर तिचा उपयोग वाट म्हणून करायचा. वऱ्हाडालाही हीच तजवीज शोभेल, कारण भराव एकदा तुकड्यातुकड्याने नांगराखाली गेला आणि मोऱ्या बुजल्या, की मग गाडीसाठीही जागा राहत नाही आणि सायकलसाठीही.