'कानाचा हलका' : एका प्रयोगाचे कूळ

कोणीही येऊन काही सांगितले की ज्याचे मत पालटते, त्यास मराठीत 'हलक्या कानाचा' किंवा 'कानाचा हलका' म्हणतात. 'कानाचा कच्चा' हा त्याचाच भाऊबंद. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोटसारख्या गावी, जेथे बाजारात मराठी व हिंदी-उर्दू यांची नित्य देवघेव चालते, तेथे हा शेवटचा प्रयोग कानी पडला म्हणजे तो हिंदीची उसनवारी ठरविण्याचा मोह होतो. हिंदीत 'कान का कच्चा' आहे. शिवाय वऱ्हाड १९०३ पासून १९५६ पर्यंत हिंदीभाषक मुलखाशी एका प्रांतात जोडलेला होता. तेवढ्यावरून निवाडा करणे घाईचे होय.

'तोंडाचा फटकळ', 'मनाचा मोठा', 'हाताचा सढळ' हे प्रयोग पाहावेत. अवयववाचक नाम षष्ठीत व विशेषण व्यक्तीस, ही घडण मराठीच्या अंगची आहे. 'कच्चा' हे विशेषण शेजारातून सुचले असेलही. साचा मात्र घरचा. 'हलका' तर फारच जुना. संस्कृत 'लघुक' यातील वर्णांची अदलाबदल होऊन प्राकृतात 'हलुअ' झाले, व बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ते नोंदले. वऱ्हाडीत हिंदीशी जुळणारे काही दिसले की तिला भेसळ म्हणण्याची खोड अद्याप गेलेली नाही. वस्तुतः ग्रिअर्सनने १९०५ च्या खंडात वऱ्हाडीस मराठीतच स्थान दिले होते.

अर्थाची मर्यादा याहून लक्षणीय आहे. सावकाराच्या बोलण्यास भुलून कागदावर अंगठा उठविणारा कुणबी 'भोळा' ठरतो, 'कानाचा हलका' नव्हे. हे विशेषण धनी, पाटील, साहेब, सासू यांच्या वाट्यास येते. ज्यांच्या ऐकण्यावर दुसऱ्याचे बरेवाईट अवलंबून असते त्यांच्या. 'होयबा' याच्या नेमका उलट्या टोकाचा: तो धन्यापुढे मान डोलावतो, पण त्यास काही पटलेले असतेच असे नाही.

'धनी वाईट नाही, कानाचा हलका आहे' असे म्हणताना बोलणारा बहुधा स्वतः पोळलेला असतो. रोष मात्र तो कान भरणाऱ्याकडे वळवितो. नारायणराव पेशव्यांच्या ३० ऑगस्ट १७७३ च्या खुनाभोवती रचलेली 'ध' चा 'मा' ही आख्यायिका याच वळणाची आहे: आज्ञा देणारे राघोबादादा मागे सरतात, अक्षर फिरविणारा हात पुढे येतो. संस्कृतानेही 'कर्णेजप' हा शब्द कानाशी कुजबुजणाऱ्यासाठी घडविला. मराठीने ऐकणाऱ्यासही नाव दिले, तेही त्याच्या माघारी उच्चारण्याचे.