गेटवरची पाटी आणि मोबाइलमधली नोंदणी

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूला राहिला आणि भलताच वाद रंगला. गटातल्या एकीच्या मुलीनं सरकारी पोर्टलवर नोकरीसाठी नाव घातलं, त्याला आठ महिने झाले. एकही फोन नाही. तिच्याच शेजारणीची सून मात्र सकाळी वालीवच्या गाळ्यांकडे गेली, एका गेटवर ‘मुली पाहिजेत’ अशी पाटी पाहिली, आत जाऊन विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंगला उभी राहिली. झालं! ‘ते पोर्टल हवंय कशाला?’ असं सगळ्या म्हणू लागल्या.

तेवढ्यात ती सूनच बोलली. चार महिन्यांनी गाळ्यातलं काम कमी झालं, तिला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून सांगितलं. शेवटच्या वीस दिवसांचा पगार मागायला गेली, तर ‘तू कधी होतीस इथं?’ असं ऐकून परत आली. हजेरी मालकाच्या वहीत. तिच्या हातात चिठ्ठीसुद्धा नाही.

काम मागायला थेट दारात जायचं की मधल्या कुठल्या खिडकीत नाव लिहायचं, हा प्रश्न मोबाइलबरोबर आलेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांपुढेही तो होता. म्हणून आज थोडं मागं जाऊ या.

आपल्याच पट्ट्यातलं सांगायचं, तर डहाणू, तलासरी, उंबरगावकडे वारली माणूस सावकाराच्या दारात थेटच जात असे. लग्नाला पैसे हवेत, म्हणून तो सावकाराकडे जाई आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायला बांधली जात. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कागद असलाच तर सावकाराकडे, आणि अंगठा वारल्याचा. म्हणजे मालकाची थेट गाठ होती, मध्ये कुणी नव्हतं, तरी सुटका नव्हती. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथं होते. वेठ करायची नाही, ठरलेल्या मजुरीशिवाय कामाला जायचं नाही, हे तिथं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मालकाच्या दारात माणसं त्यानंतरही गेलीच. पण आता ती एकेकटी नव्हती. गटातल्या बायांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

मुंबईच्या गिरण्यांत दार होतं, पण दारात मुकादम उभा असे. त्याला जॉबर म्हणत. रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायका जास्त, तिथं बायकांवर नायकीण. भरती तिच्या शब्दावर. कामावर घेतलं की दस्तुरी द्यायची, टिकायचं तर अधूनमधून तिचा हात ओला ठेवायचा. आमच्या मते नायकीण नुसती वाईट होती असं म्हणणं सोपं आहे. गावाकडून आलेल्या एकट्या बाईला खोली बघून देणारी, उसने पैसे देणारीही पुष्कळदा तीच असे. तरी भरतीचा हक्क मुकादमांच्या हातून काढावा, असं १९३१ मध्ये सरकारनं नेमलेल्या शाही मजूर आयोगानं सांगितलं. १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्ड द्यायला सुरुवात केली. कार्डवाल्यानं रोज सकाळी गिरणीवर हजर राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याची जागा मिळायची. माणसाच्या मेहेरबानीऐवजी कागदावरचा नंबर, ही कल्पना अशी आली.

मग सरकारची खिडकी उघडली. दुसरं महायुद्ध संपत आलं, लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांना काम लावून देण्यासाठी १९४५ मध्ये एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली. १९४८ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. आपल्यापैकी ज्या दहावी-बारावी झाल्या त्यांना ते कार्ड आठवत असेल. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात, म्हणून जिल्ह्याचं काम म्हटलं की ठाणं गाठायचं. गाडीनं जायचं तर दादरला उतरून पुन्हा उलटं यायचं, नाहीतर घोडबंदरवरून एसटी. दिवस मोडायचा. कार्ड मुदतीत नवं करून घ्यायचं राहिलं की नंबर गेला. कार्ड घरात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असे, आणि ‘कॉल’ची वाट बघता बघता मुलीचं लग्न होऊन जाई.

कॉल का येत नसे, याचं उत्तर कायद्यातच होतं. १९५९ साली रिकाम्या जागा कळवण्याचा कायदा झाला, १ मे १९६० पासून लागू झाला. सरकारी कचेऱ्या आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेले खासगी कारखाने यांनी रिकामी जागा एक्स्चेंजला कळवायची. फक्त कळवायची! तिथूनच माणूस घ्यायचा, अशी सक्ती त्या कायद्यानं केली नव्हती. कळवलं नाही तर पहिल्या वेळी दंड पाचशे रुपयांपर्यंत. आणि वगळलेली कामं कोणती, ते नीट ऐका. खासगी शेती आणि बागायतीतली मजुरी, घरकाम, कचेरीतलं अकुशल काम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचं काम. म्हणजे वाडीत मोगरा खुडणारी, केळीच्या बागेत राबणारी, बोरिवलीला धुणीभांडी करायला गाडी पकडणारी, ऑफिसात झाडू मारणारी, सगळ्या बाहेर. हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आपल्या बायका थेट दारात जातात त्या अडाणी म्हणून नव्हे. त्यांच्या कामासाठी खिडकीच ठेवलेली नव्हती.

पुढे गोखिवरे, वालीव, सातिवली भागात गाळे उभे राहिले. कुठं दहा माणसं, कुठं पंधरा. पंचवीसच्या आतले. त्यांनी एक्स्चेंजला कळवायचं कारणच नव्हतं. गेटवर पाटी लावली की भागत होतं. आणि खरं सांगायचं, तर लहान मालकाला उद्या सकाळी माणूस हवा असतो.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी भरतीत फक्त एक्स्चेंजच्या यादीवर न थांबता वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी, म्हणजे नाव न नोंदवलेल्यांनाही संधी मिळेल. कार्डाचं वजन तिथून आणखी उतरलं. मग २० जुलै २०१५ रोजी केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आलं, आपल्या राज्याचं महास्वयम् आलं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला होता, आता तर जिल्ह्याच्या गावालाही न जाता घरातून नाव घालता येतं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. रोजगार मेळाव्याची खबर तिथं कळते, आणि तिथं भरती करणारी मोठी कंपनी गेटवर पाटी लावत बसत नाही.

पण मुकादम गेला का? आमच्या त्या आठ महिने थांबलेल्या मुलीचं लॉगिन आम्ही बैठकीतच उघडायला बसलो. ओटीपी काही येईना. शोध घेतला, तर जिथून फॉर्म भरला त्या दुकानदारानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला! शिवाय फुकटच्या नोंदणीचे दीडशे रुपये घेतलेले. फोन आला असेलही, पण त्याला. आणखी एकीनं कबूल केलं, की ‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग’च्या मेसेजवर तिनं आठशे रुपये ‘नोंदणी’ म्हणून पाठवले आणि नंतर तो नंबर बंद झाला. ही दस्तुरीच की! नायकिणीचं निदान तोंड तरी दिसत असे.

म्हणून आता गटात असं चाललं आहे. पोर्टलवर नाव घालायचं ते स्वतःच्या नंबरवर, आणि पासवर्ड गटाच्या वहीत नव्हे, स्वतःजवळ. पण त्याच्या भरवशावर घरी बसायचं नाही. गेटवर जायचं, शक्यतो दोघी-तिघींनी. आत घेतलं तर मालकाचं किंवा ठेकेदाराचं नाव, गाळा नंबर, ठरलेला रोज आणि कामावर गेल्याची तारीख त्याच संध्याकाळी वहीत लिहायची. पगार शक्यतो बँकेत मागायचा. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयचं, वीस असतील तर पीएफचं विचारायचं. विचारलं म्हणून काम जाईल, अशी भीती आमच्यातल्या काहींना आहे, आणि ती खोटी नाही. एकीला खरंच ‘मग दुसरीकडे बघ’ असं ऐकावं लागलं. तिघी एकदम गेल्या होत्या तिथं मात्र मालकानं फॉर्म भरून घेतले.

त्या सुनेबरोबर आम्ही पाच जणी गेल्या आठवड्यात गाळ्यावर गेलो. शेजारच्या गाळ्यातल्या दोघींनी ‘ही इथंच होती’ म्हणून सांगितलं. मालकानं अकरा दिवसांचे पैसे दिले. नऊ दिवसांचे राहिलेत. सोमवारी पुन्हा जायचं आहे.